तीन साउंडबार आणि फोरमनचे कान

फोरमनना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण हुद्दा काही त्यांना सोडून गेला नाही. गल्लीतले सगळे त्यांना अजून फोरमनच म्हणतात आणि त्यांच्या बायकोला फोरमनबाई. बाईंनी कारखान्यात पाऊलसुद्धा टाकलेलं नाही, पण पद मिळालं ते मिळालं.

कारखाना कापडाचा. फोरमनची उभी हयात तिथल्या मागांच्या खात्यात गेली. एका छपराखाली एवढे माग एकदम खडखडत असत की कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी समोरच्याला फक्त उच्छ्वास लागायचा. म्हणून तिथली माणसं ओरडतच नसत. आवाज न काढता शब्द ओठांवर सावकाश मांडायचे आणि समोरच्याने ते वाचायचे, ही त्या खात्याची रीत. धागा तुटला, चहा आला, साहेब येतोय, तुला मुलगी झाली, अशा सगळ्या बातम्या मागांच्या दोन-दोन रांगा ओलांडून ओठांवरून जात. साहेबाला दिलेल्या शिव्याही अशाच जात आणि साहेब मधून हसत हसत निघून जाई.

या रिवाजाचा परिणाम असा झाला की कानांनी कधी राजीनामा दिला हे फोरमनना कळलंच नाही. त्यांचं काम डोळ्यांनी परस्पर उचललं होतं. कळलं तेव्हा फोरमन घरी बसले होते आणि झाकली मूठ सव्वा लाखाची या न्यायाने त्यांनी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. समोर बसून बोललात तर फोरमन तुमच्याशी तासभर गप्पा मारतील. पाठीमागून हाक मारलीत तर ढिम्म. घरच्यांनी त्याचा अर्थ एवढाच काढला की वयाबरोबर माणूस तिरसट झाला.

इथवर सगळं बरं चाललं होतं. घात केला तो मालिकेने.

फोरमनबाईंना एका मालिकेचा नाद लागला. मालिका मूळची कुठल्या तरी परक्या भाषेतली, वर मराठी आवाज चढवलेली. आता अशा मालिकेत ओठ एक बोलतात आणि आवाज दुसरंच. ज्याला ऐकू येतं त्याला चार दिवसांत सवय होते. फोरमनना मात्र पडद्यावरची सगळी माणसं सुपारी चघळत असल्यासारखी दिसू लागली. नायिका रडतेय की दूधवाल्याशी भांडतेय याचा पत्ता लागेना. दोघांची रोज संध्याकाळी शेजारी बसण्याची जुनी सवय, म्हणून काही दिवस त्यांनी रेटून नेलं. बाई हसल्या की हसायचं, बाईंनी 'अरेरे' केलं की मान हलवायची. पण एकदा नायकाच्या वडिलांच्या मरणावर ते चुकून हसले, आणि बाईंनी ज्या नजरेने पाहिलं ती नजर त्यांना झेपली नाही. 'काय ही रटाळ मालिका,' असं म्हणून ते उठले आणि गॅलरीत जाऊन बसले. त्या दिवसापासून मालिका लागली की फोरमन गॅलरीत.

बाईंनी दोन-तीनदा बोलावलं. मग बोलवायचं सोडलं. वर्ष होत आलं होतं. गॅलरीतून फोरमनना काचेपलीकडे बायकोचं डोकं दिसे, सोफ्याच्या एका टोकाला. दुसरं टोक रिकामं. त्यांना तिथे जाऊन बसायचं होतं. या वयात माणसाला फार काही नको असतं, पण जे हवं असतं ते फार हवं असतं. जाऊन बसायचं म्हणजे कान गेल्याचं कबूल करायचं, आणि तिथे फोरमनची जीभ टाळ्याला चिकटत असे.

एक पळवाट मात्र त्यांनी काढून ठेवली होती. मुलाने 'बाबा, आत का नाही बसत?' असं विचारलं तेव्हा ते म्हणाले होते, "या नव्या टीव्हीचा आवाजच धड नाही. टीव्ही चपटा झाला, आवाजही चपटा झाला."

हे खोटंही नव्हतं. सून टीव्ही-फ्रिजच्या दुकानात तक्रारींच्या टेबलावर बसते. ती म्हणाली, "बाबा बरोबर बोलतायत. पातळ टीव्हीत स्पीकरला जागाच नसते. साउंडबार लावू या, टीव्हीखाली ठेवायची स्पीकरची पट्टी." दुकानाच्या मालकाने नमुन्याचे तीन साउंडबार सुट्टीपुरते घरी न्यायला परवानगी दिली. "दुकानात सगळेच गोड बोलतात," सून म्हणाली. "घरी नांदायला आले की कळतं." एवढं बोलून ती सासूकडे बघून हसली आणि सासूही हसली.

फोरमन हसले नाहीत. त्यांच्या मनाने एकदम उचल खाल्ली होती. कोण जाणे, दोष खरंच टीव्हीचा असेल. एखादी पट्टी अशी निघेलही की तिच्यातून शब्द सुटे ऐकू येतील. मग गॅलरी सोडायची, गुपचूप आत येऊन बसायचं, कुणाला काही सांगायची गरजच नाही.

पहिला साउंडबार लांबलचक निघाला, टीव्हीच्या दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावणारा. दुसऱ्याबरोबर एक जाडजूड चौकोनी डबा होता, घुमणाऱ्या आवाजासाठी. तिसरा आखूड आणि गोल कोपऱ्यांचा. मुलाने डबेवाला बघितला मात्र, त्याचं मत तिथेच झालं. त्याने मारामारीचा एक सिनेमा लावला. पहिल्याच स्फोटाला शोकेसमधले पेले किणकिणले आणि बाई स्वयंपाकघरातून धावत आल्या.

"काय पडलं?"

"काही नाही, आई. विमान पडलं," मुलगा म्हणाला. "याला म्हणतात आवाज. काचा हलल्या पाहिजेत."

"काचा तू पुसतोस का?"

सुनेचं म्हणणं वेगळं होतं. ती म्हणाली की आपल्या घरी विमानं पडत नाहीत, माणसं बोलतात, तेव्हा बातम्या लावून बघू. लांबलचक पट्टीवर बातम्या लागल्या. फोरमन समोर खुर्ची टाकून बसले. बातम्या देणारी मुलगी कॅमेऱ्यात बघून स्वच्छ बोलत होती.

"कसा आहे, बाबा?"

"उत्तम."

मग डबेवाला लावला. "हाही उत्तम."

"दोन्ही कसे उत्तम असतील? काही तरी फरक असेल ना."

"हा जरा जास्त उत्तम," फोरमन म्हणाले आणि स्वतःवर खूश झाले.

मुलगा दूध आणायला खाली गेला. बाई आत पोळ्या लाटायला गेल्या. सून टीव्हीच्या मागे डोकं घालून तिसऱ्याची वायर खोचत बसली. टीव्हीचे स्वतःचे स्पीकर तिने आधीच बंद केले होते, तुलना नीट व्हावी म्हणून. पडद्यावर तीच मुलगी बातम्या देत होती. फोरमननी थोडा वेळ कान टवकारून लक्ष दिलं आणि आपला निकाल जाहीर केला.

"हा सगळ्यांत चांगला. शब्द न् शब्द कळतोय. पाण्याची मोठी वाहिनी फुटली म्हणतेय, दुरुस्तीला दोन दिवस लागतील."

टीव्हीच्या मागून सुनेचं डोकं वर आलं. तिच्या हातात वायरचं टोक होतं.

"बाबा," ती म्हणाली, "मी अजून वायर लावलीच नाहीये."

खोलीत शांतता होती. तशी ती आधीपासूनच होती, फक्त फोरमनना ती माहीत नव्हती. सुनेने पुढे येऊन टीव्हीच्या तळाशी सरकणारी अक्षरं वाचली. पाण्याची वाहिनी फुटली होती आणि दुरुस्तीला दोन दिवस लागणार होते. पण चष्म्याशिवाय फोरमनना ती अक्षरं दिसत नाहीत आणि चष्मा खिशात होता, हे तिने पाहिलं. तक्रारींच्या टेबलावर बसणारी मुलगी ती. काय बिघडलंय हे ओळखायला तिला वेळ लागत नाही. फोरमनचं पितळ उघडं पडलं होतं.

"ओठांवरून?" तिने विचारलं. तेही आवाज न काढता.

फोरमननी मान खाली घातली. मग त्यांनी तिला मागांचं खातं सांगितलं, मालिका सांगितली, गॅलरी सांगितली. सांगताना आवाज खाली आणायचा त्यांनी फार प्रयत्न केला, पण स्वतःचाच आवाज धड ऐकू न येणाऱ्या माणसाला हळू बोलणं जन्मात जमत नाही. नशीब, आत बाईंनी तेवढ्यात मिक्सर लावला होता.

"हिला सांगू नकोस," ते शेवटी म्हणाले.

"मी नाही सांगणार. तुम्ही सांगा." सूनबाई या बाबतीत पक्की. "आणि कान तपासायला आपण जाणार आहोत, त्याबद्दल मी विचारत नाहीये. पण आधी यातला कुठला खरा चालतो ते बघू. खुर्ची फिरवा. टीव्हीकडे पाठ."

तेवढ्यात मुलगा दूध घेऊन आला आणि बाई हात पुसत बाहेर आल्या, कारण मालिकेची वेळ झाली होती. फोरमनना टीव्हीकडे पाठ करून बसलेलं पाहून दोघं थबकली.

"ही परीक्षा आहे," सून म्हणाली. "न बघता कुठल्या पट्टीवर बोलणं कळतं ते बघायचंय."

मुलाला हे भलतंच आवडलं. बाई सोफ्याच्या आपल्या टोकाला बसल्या. खुर्ची फिरवलेली, त्यामुळे आता फोरमनच्या बरोबर समोर टीव्हीऐवजी त्यांची बायको होती.

मालिका सुरू झाली. लांबलचक पट्टीवर फोरमनना पाठीमागे कुणी तरी रेती चाळत असल्यासारखं ऐकू आलं. डबेवाल्याने खुर्चीचे पाय हलवले, शब्द एकही दिला नाही. फोरमनचा चेहरा पडत चालला. पळवाट बुजत चालली होती. मग सुनेने आखूड पट्टी लावली आणि रिमोटवरचं एक बटण दाबलं, बोलणं पुढे आणि संगीत मागे करणारं.

आधी काहीच नाही. मग एक शब्द. मग मध्ये नुसती खरखर, मग पुन्हा दोन शब्द. तुटक होते, पण शब्दच होते, आणि ओठांचा काही संबंध नसताना आले होते. फोरमन खुर्चीत पुढे सरकले.

"'उद्या'... 'उद्या सकाळी निघते' असं काही तरी म्हणतेय," ते म्हणाले. "बाई आहे. चिडलेली आहे."

"बरोबर!" मुलगा म्हणाला. "जरा अर्धंच आहे, पण बरोबर."

सुनेच्या चेहऱ्यावर हसू आलं. फोरमनना वाटलं, झालं काम. ही पट्टी ठेवायची, उद्यापासून आत बसायचं. अर्धं ऐकू येतंय, अर्धं निभावून नेता येईल. कान बिन तपासायला सुनेबरोबर गुपचूप जाऊन येऊ. बायकोला काही कळायचं कारण नाही.

फोरमनबाई टीव्हीकडेच बघत होत्या. त्यांना एकट्याने बसून बसून एक सवय लागली होती, मनातलं तोंडातल्या तोंडात पुटपुटायची. त्या पुटपुटल्या. टीव्हीच्या आवाजात ते शेजारी बसलेल्या सुनेलाही ऐकू गेलं नाही, पलीकडच्या मुलालाही नाही. त्या घरात सगळ्यांत कमी ऐकू येणाऱ्या माणसाने ते समोरून स्पष्ट वाचलं.

'वर्षभर ढुंकून बघितलं नाही. मला वाटलं, मीच नकोशी झाले.'

हे फोरमनच्या मनात कधी आलं नव्हतं. आपण एक कमीपणा लपवतोय एवढंच त्यांना ठाऊक होतं. त्याची झळ दुसऱ्याला बसत असेल, तीही रोज, ठरल्या वेळी, याचा त्यांनी विचारच केला नव्हता. त्यांनी उत्तर दिलं ते खात्यातल्या रीतीने, नुसत्या ओठांनी. पण बाईंना कुठली ती भाषा येणार. त्यांनी फक्त विचारलं, "काय हो, घसा दुखतोय का?"

तेव्हा फोरमननी तोंड उघडलं. आणि फोरमनचं तोंड उघडलं की काय होतं हे तुम्हाला सांगितलंच आहे.

"तुला नव्हतो कंटाळलो मी! ऐकू येत नाही मला! वर्षभर एक अक्षर कळलेलं नाही त्या मालिकेतलं!"

खालच्या मजल्यावरची खिडकी उघडल्याचा आवाज आला. मुलगा आ वासून बघत राहिला. सुनेने टीव्ही थांबवला.

पाठीमागून मारलेल्या सगळ्या वाया गेलेल्या हाका बहुधा बाईंना एकामागून एक आठवत असाव्यात. डोळे भरून आले, पण आवाज करडाच निघाला.

"मग आधी सांगायला काय झालं होतं?"

"लाज वाटली."

"कुणाची? माझी?" त्या म्हणाल्या. "तुमचं घोरणं ऐकते मी इतकी वर्षं, त्याची नाही वाटली ती लाज. आणि हळू बोला, खाली कळलं सगळ्यांना."

"कळू दे."

"आखूडवाला ठेवायचा ना?" सुनेने विचारलं. "डबेवाला उद्या परत जाईल." मुलाने डब्याकडे अखेरचं पाहून घेतलं. फोरमननी मान डोलावली आणि परवा कान तपासायला येतो असंही, कुणी न विचारता, सांगून टाकलं.

मग ते खुर्चीवरून उठले. बाईंनी सोफ्याच्या दुसऱ्या टोकावरची उशी उचलून मांडीवर घेतली. फोरमन तिथे बसले.

"लावू का पुढे?" सुनेने विचारलं.

"थांब गं," फोरमनबाई म्हणाल्या. "यांना मागचं काहीच माहीत नाही." त्या पाय वर घेऊन नवऱ्याकडे तोंड करून बसल्या, दिवा आपल्या चेहऱ्यावर येईल अशा, आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "हे बघा. ती जी थोरली आहे ना, ती मुळात त्यांची मुलगीच नाही."