हिरव्या इंजिनाचं रोगण

लग्न होऊन मी सोलापुरात आले आणि बरेच दिवस नवऱ्याचा आवाज मला फक्त सासूबाईंशी बोलतानाच ऐकू येई. तेव्हाची रीतच तशी होती. सासरे देवळात पूजाअर्चा करत, हे कचेरीत कारकून होते आणि मी स्वयंपाकघरात. दिवसा नवरा-बायकोनं एकमेकांशी बोलायचं नाही. रात्री मी इतकी दमलेली असे, आणि हे इतके लाजरे, की दोन वाक्यांत बोलणं संपायचं.

एवढं मात्र मला कळलं होतं की दर रविवारी हे माडीवर जाऊन लाकूड तासत बसतात. एकदा वाळवणं घालायला माडीवर गेले तर खिडकीत हातभर लांबीचं आगगाडीचं इंजिन. सागवानाचे तुकडे, पत्र्याचे डबे, खिळे यांतून उभं केलेलं. धुराडं तेवढं काळं, बाकी सगळं हिरव्या रंगानं रंगवलेलं, कडेला बारीक पांढरी रेघ. रंग मात्र सुकून कोरडा ठक्क झाला होता. खडूनं रंगवावं तसा.

मी कुर्डुवाडीची. वडील रेल्वेत होते आणि आमचं घर रुळांपासून हाकेच्या अंतरावर. इंजिनं बघतच मी वाढले. हातातली डाळ तशीच राहिली आणि मी बघत उभी राहिले.

हे मागून आले. जरा घुटमळले, मग म्हणाले, "तुमच्याकडची इंजिनं अशीच दिसतात का?"

लग्नानंतर त्यांनी मला विचारलेला तो पहिला खरा प्रश्न.

"अशीच," मी म्हणाले. "पण ती चकाकतात. सकाळी पुसून काढली की तोंड दिसतं त्यांत."

"तेच तर करायचंय," ते एकदम उजळून म्हणाले. "रोगण लावायचंय वरून. कुठलं लावावं ते ठरत नाहीये."

पुढच्या रविवारी त्यांनी चपडी लाख आणि ती विरघळवायला स्पिरिटची बाटली आणली. लाखेचं पॉलिश घटकेत वाळतं, असं त्यांनी ऐकलं होतं. पण बूच काढताच वास जिन्यावरून खाली गेला आणि सासूबाई वर आल्या.

"ही दारू कुणी आणली घरात?"

"आई, दारू नाही गं, लाकडाला लावायचं आहे."

"लाकडाला लाव नाहीतर लोखंडाला लाव. देवाधर्माचं घर आहे हे. सांजेच्या आत बाहेर काढ."

बाटली परत गेली. मग हे तेलाच्या रोगणाचे दोन छोटे डबे घेऊन आले. एक काळसर आणि मधासारखं दाट, दुसरं फिकट, पातळ. सासूबाईंनी याही डब्यांकडे संशयानं पाहिलं.

"यात काय आहे?"

"जवसाचं तेल आणि राळ."

"राळ?" त्यांनी वाकून वास घेतला. "मग काही विटाळ नाही. राळ देवापुढंसुद्धा जाळतात." आणि त्या खाली गेल्या.

इंजिनावर थेट लावायचं धाडस ह्यांना होईना. मीच म्हटलं, फळीच्या तुकड्यांवर करून बघू की. दोन पट्ट्या तोच हिरवा आणि तोच पांढरा रंग देऊन वाळवल्या आणि एकेकीवर एकेक रोगण ओढलं. दाट रोगण भारी चकाकलं, पण पांढरी रेघ हळदीच्या हातानं पुसल्यासारखी पिवळी झाली आणि हिरव्यावर शेवाळ चढल्यासारखं दिसलं. फिकट रोगणाखाली रंग होता तसा राहिला, फक्त खोल झाला. ओल्या दगडाचा रंग होतो ना, तसा. आम्ही दोघांनी एकाच वेळी त्याच पट्टीवर बोट ठेवलं.

आता लावायचं कुठं, यावर मात्र आमचं जमेना. त्यांना सगळं इंजिन आरशासारखं हवं होतं.

"धुराडं नको," मी म्हणाले.

"का?"

"धुराडं कधी चकाकत नाही. कोळशाचा भागही नाही. सगळंच चकाकलं तर जत्रेतलं खेळणं दिसेल."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. मला वाटलं, रागावले. खरं तर मी आयुष्यात पहिल्यांदाच कुणा पुरुषाला 'नको' म्हणाले होते. खाली जाऊन भाकरी थापायला बसले.

पण रविवारी त्यांनी धुराडं सोडूनच रोगण लावलं. सुंदर लागलं. आणि दुपारी कापडगिरणीकडून वारा सुटला. आमच्या भागात वारा तिकडून आला की कापसाची तूस उडत यायची, अंथरुणावर, ताकात, केसांत. संध्याकाळी पाहिलं तर इंजिनाला लव आली होती. ह्यांनी हात लावून बघितलं तर बोटाचा ठसाही उमटला.

"गेलं सगळं," ते म्हणाले, आणि इंजिन उचलून माळ्यावर ठेवलं. दोन रविवार ते माडीवर फिरकले नाहीत. जेवताना मान खाली. सासूबाईंनी एकदा विचारलं, पोट बरं नाही का रे?

मला राहवेना. एका दुपारी मी इंजिन खाली काढलं. रोगण तोवर खडखडीत वाळलं होतं. विटेची भुकटी वस्त्रगाळ केली आणि तेलाच्या बोटानं हलक्या हातानं घासायला लागले. तूस निघाली, बोटाचा ठसा गेला. चकाकी गेली खरी, पण खालचा रंग शाबूत होता. हे कचेरीतून आले तेव्हा इंजिन त्यांच्या पाटाशेजारी होतं.

त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं. "पुन्हा लावता येईल," ते म्हणाले. मग म्हणाले, "पण वाऱ्याचं काय?"

आम्ही स्वयंपाकघराच्या दारात बोलतोय, दिवसाउजेडी, सगळ्यांदेखत, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. सासूबाईंच्या आलं. त्या चुलीपाशी होत्या. मला वाटलं आता बोलणार.

"दुधाचं जाळीचं कपाट आहे की," त्या म्हणाल्या. "वरून जुनं उपरणं टाका. मांजर जात नाही तिथं तूस काय जाईल?"

त्यांनीच दुधाची भांडी काढली आणि कपाट पुसून दिलं. आम्ही जमिनीवर पाणी शिंपडलं, रोगणाचा डबा कोमट पाण्यात ठेवून जरा पातळ केला, आणि ह्यांनी एकेक पातळ हात ओढला. मी नुसती कुंचल्यातून गळलेला केस कुठं चिकटतो का ते बघत होते. कपाट लावून उपरणं टाकलं. रोगण वाळेपर्यंत घरातलं दूध शिंक्यावर राहिलं आणि सासरे कुरकुरले, की देवाच्या नैवेद्यापेक्षा इंजिनाची बडदास्त जास्त आहे.

कपाट उघडलं तेव्हा इंजिन हिरवंगार, झळझळीत होतं आणि धुराडं काळं, मंद. ह्यांनी ते खिडकीत उन्हात धरलं. सासूबाई म्हणाल्या, "अगं बाई, शिटी तेवढी वाजायची राहिली."

त्यानंतर ह्यांनी नाव करायला घेतली, तळ्यात सोडायची. आता रोगण पाण्यात टिकणारं हवं होतं. रविवारी ते बाजाराला निघाले तेव्हा सासूबाई मला म्हणाल्या, "तूही जा. तुला कळतं त्यातलं."

आम्ही पहिल्यांदाच दोघं बाहेर पडलो. हे चार पावलं पुढं, मी मागं. कोपरा ओलांडल्यावर ते थांबले आणि मी येईपर्यंत उभे राहिले. दुकानदारानं दोन डबे फळीवर मांडले आणि ह्यांना विचारलं, "कौनसा दूँ, साहेब?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पदर सावरला आणि म्हणाले, "आधी एखाद्या फळकुटावर लावून दाखवा."