सात चौकोनांचं मैदान

गाडी फाटकातून आत आली की अक्का आधी तिच्या टायरवर हात ठेवायच्या. लेकराचा ताप बघावा तसा. मग केबिनमधल्या बाईकडं वर बघून म्हणायच्या, "लई लांबनं आलीस की गं. उतर, च्या ठिवलाय."

या गाड्या जत्रेतल्या आकाशपाळणेवाल्यांच्या, मौत का कुआँवाल्यांच्या. ट्रकच्या हौद्यातच त्यांचा संसार. पावसाळ्यात जत्रा बंद, मग ही माणसं जाणार कुठं? अशी सात कुटुंबं दर वर्षी अक्कांच्या मैदानात येऊन राहत. अक्कलकोट रोडनं कधी गेला असाल तर पत्र्याच्या कुंपणावरून डोकावणारे पाळण्याचे लाल-पिवळे लोखंडी हात तुम्हीही पाहिले असतील.

अशा राहत्या गाड्या आपल्या जागेत ठेवायच्या तर जागामालकाला आमच्या कार्यालयाचा परवाना लागे. मालकानं फी भरायची आणि मी जाऊन जागा तपासायची. पाण्याचा नळ, संडास, आगीसाठी वाळूच्या बादल्या, दोन गाड्यांमधलं अंतर. मला दारात पाहिलं की लोकांची तोंडं उतरतात, त्यात त्यांचा दोष नाही. अक्का मात्र पदरानं खुर्ची पुसायच्या. त्यांचं माहेर अक्कलकोटच्या पुढं दुधनीचं, त्यामुळं बोलता बोलता कानडी यायची. मला त्या तम्मा म्हणत, म्हणजे धाकटा भाऊ.

अंतराचा नियम मी त्यांना एकदाच सांगितला होता. पुढच्या खेपेला बघतो तर कबड्डीच्या मैदानावर टाकतात तशी पांढरी फक्की टाकून अक्कांनी सात चौकोन आखलेले. प्रत्येक चौकोन कुणाचा ते ठरलेलं. एखादी गाडी यायला उशीर झाला तरी तिची जागा रिकामीच राहायची, आणि दुसऱ्या कुणी तिथं चाक घातलं की अक्का काठी घेऊन हजर. इतकं कडक पालन मी आमच्या साहेबांच्या पार्किंगचंही पाहिलेलं नाही.

दिवाळीच्या तोंडावर गाड्या निघून जायच्या. अक्कांचे यजमान कधीच वारले होते, मूलबाळ नव्हतं. एकदा हिवाळ्यात सहज डोकावलो तर त्या पायरीवर बसलेल्या आणि आत रेडिओ मोठ्यानं चाललेला. काय लागलंय ते त्यांना माहीत नव्हतं. "कायतरी वाजत असलं की बरं असतंय, तम्मा," एवढंच म्हणाल्या. मीही एकटाच राहतो. पुढं काही विचारायची गरज पडली नाही.

मग आजूबाजूला बंगले उठले, तक्रारी आल्या, तो भाग निवासी ठरला. परवाना बंद झाला हे सांगायला मीच गेलो. अक्कांनी ऐकून घेतलं आणि फक्कीचं पोतं आत नेऊन ठेवलं. मला ते सहन होईना. घरी बसून मी सगळे नियम पुन्हा वाचले आणि एक वाट सापडली. राहत्या घराच्या आवारात एकच गाडी पाहुणी म्हणून राहिली तर परवाना लागत नाही. बक्षीस मिळाल्यासारखा मी धावत गेलो आणि अक्कांना म्हणालो, सातांतली एक निवडा.

अक्का बोटांवर एकेक घर घेऊ लागल्या. कुआँवाल्याची सून पोटुशी होती. पाळणेवाल्याच्या म्हाताऱ्याला दमा होता. तिसऱ्या घरची पोर नुकती शाळेत रमलेली. बोटं संपली, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. माझा चहा निवून गेला.

"एकीला हाक मारली तर बाकीच्या सहा जणींना नको म्हनल्यागत हुतंय की. न्हाय जमायचं."

मी चिडलो. पावसाळाभर एकट्याच बसणार का, असं जरा चढ्या आवाजातच विचारलं.

"व्हय," अक्का म्हणाल्या. मग त्यांनी मला सातही घरांना फोन करायला लावले. अक्का दुधनीला भाच्याकडं कायमच्या राहायला गेल्या, मैदान बंद आहे, असं सांगायचं. म्हणजे कुणाला आपल्यालाच नाकारलं असं वाटायला नको. मी तसं सांगितलं.

पावसाळ्यात एका दुपारी मी त्यांच्याकडं बसलो होतो. फाटक बंद होतं. बाहेर ट्रक थांबला आणि हॉर्न वाजला. अक्कांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. आवाजावरून त्यांनी गाडी ओळखली होती. "सुनंला बाळ झालं असंल आता," त्या हळूच म्हणाल्या. हॉर्न आणखी वाजला, मग गाडी अक्कलकोटच्या दिशेनं निघून गेली. आवाज पार विरेपर्यंत अक्का हलल्या नाहीत.

त्या थंडीत अक्का गेल्या. सातही घरांना फोन मीच केले. कुआँवाल्याची बायको म्हणाली, "पावसात आमी गाडी घिऊन दुधनीला गेलतो, साहेब. नातू दावायचा हुता. लई गल्ल्या हुडकल्या. कुनी सांगंना अक्का कुटं ऱ्हात्यात ते."