तात्यांच्या जीपचं गाऱ्हाणं

मी केलेल्या मूर्खपणांची यादी माझ्या बायकोला तोंडपाठ आहे. पाहुणे आले की तिची सुरुवात होते, आणि त्यातला हा जीपचा किस्सा ती नेहमी पहिला सांगते. म्हणून म्हटलं, ती आत चहाचं आधण ठेवतेय तोवर मीच सांगून टाकतो. निदान दोन-चार वाक्यं तरी माझ्या बाजूची पडतील.

तर आमची वाडी हातखंब्यापासून आत, डोंगराच्या पायथ्याला. मी तीस वर्षं मुंबईत एका ऑफिसात मसुदे लिहिले आणि निवृत्त होऊन गावी आलो. निवृत्त माणसाला गावात उद्योग दोनच. दुसऱ्याच्या आंब्याच्या कलमांना नावं ठेवायची, नाहीतर आपल्या गुडघ्यांचं सांगत बसायचं. मला तिसरा सापडला. तात्यांची जीप.

तात्या माझे नात्यानं कोणी नाहीत. ते सगळ्या वाडीचेच तात्या. एके काळी वाडीत चार चाकांची वस्तू एकच होती, ती त्यांची पेट्रोलवरची जीप. नावाला भाड्याची. बाळंतीण अडली की तात्या, झाडावरून कोणी पडलं की तात्या. नऊ वर्षांचा असताना मला काजूच्या बागेत फुरसं चावलं. आईनं तर हातपायच गाळले. तात्या जेवत होते, ते उष्ट्या हातानं उठले आणि मला रत्नागिरीच्या सरकारी दवाखान्यात नेऊन घातलं. अर्धा तास उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले. तो अर्धा तास मी गेली पन्नास वर्षं वापरतोय.

पुढं वाडीत रिक्षा आल्या, मोटारसायकली आल्या, आणि जीप तात्यांच्या घरामागं फणसाखाली जी उभी राहिली ती वीस-बावीस वर्षं तिथंच. पत्र्याला बोट लावलं तर बोट आत जायचं. दिवे नाहीत, आरसा नाही, हॉर्न नाही, मागची सीट नाही, मागचं फळकं नाही. बॉनेटखाली कोंबडी अंडी घालायची.

तात्या आता चौऱ्याऐंशीचे, घरात एकटे. पनवेलच्या मुलानं ठरवलं, यंदा शिमग्याला पालखी घरी येऊन गेली की त्यांना कायमचं घेऊन जायचं. तात्यांनी काही हुज्जत घातली नाही. फक्त एकदा फणसाकडे बघून मला म्हणाले, "बाळू, जायच्या आदी एकदा तिला चालवत देवळापर्यंत गेलो आसतो, तर बरं वाटलं आसतं."

झालं. मी शब्द देऊन बसलो. "तात्या, शिमग्याच्या आत तुम्ही तुमच्या हातानं चालवत न्याल."

आता मला गाडीतलं काय कळतं? स्कूटरला किक मारणं, आणि ती सुरू झाली नाही तर पुन्हा मारणं. पण मोबाइलवर व्हिडिओ बघून माणसं काय वाट्टेल ते करतात. मी पॉवर टिलरनं ओढून जीप आमच्या अंगणात, म्हणजे खळ्यात आणली आणि कामाला लागलो. चार महिने डिझेल लावून गंज घासला. नाक्यावरचे एक म्हातारे मिस्त्री रविवारी यायचे, इंजिन ते बघायचे. दिव्यासाठी, आरशासाठी, फळक्यासाठी मी कोल्हापूरपर्यंत भंगारवाले पालथे घातले. काही मिळालं नाही. घरात मात्र चहालासुद्धा डिझेलचा वास येऊ लागला.

"मला आता वास यायचाच बंद झालाय," सुलभा म्हणाली. सुलभा म्हणजे बायको. हे वाक्य तेव्हा मी नुसतं ऐकून सोडून दिलं.

अखेर इंजिन खोकलं, त्यानं काळा धूर सोडला आणि ते अर्धं मिनिट चाललं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, थोडं धुरानं. मिस्त्री म्हणाले, "कार्बोरेटरात गंज बसलाय. काढून चांगला साफ करा, मी येऊन बसवतो. मग पळेल."

मी तो काढला, साफ करायला घेतला, आणि त्याच संध्याकाळी मला सडकून ताप भरला. चार दिवस अंथरुणात. पाचव्या दिवशी उठून खळ्यात येतो तर काय? कार्बोरेटर गायब!

बाकाखाली बघितलं, जीपखाली बघितलं, गवताची गंजी उपसली.

"तू पाहिलास का?" मी सुलभाला विचारलं.

"तो दिसतो कसा, तेच मला ठाऊक नाही."

मिस्त्री म्हणाले, एवढ्या जुन्या गाडीचा दुसरा शोधायला महिना जाईल. शिमगा दहा दिवसांवर. तात्यांना तोंड कसं दाखवायचं? माझ्या मनानं घेतलं की हा चोरीला गेला. आणि खळ्यात शिरून नेणार तो बाहेरचा थोडाच असणार? वाडीतलाच.

आमच्याकडे अशा वेळी माणूस पोलिसांच्या आधी देवळात जातो. गुरव देवापुढं नारळ ठेवतो, काय झालं ते देवाला सांगतो आणि मागणं मागतो. हे गाऱ्हाणं. पोलीस एखादं प्रकरण विसरतील, देव विसरत नाही असा सगळ्यांचा पक्का भरवसा. मी नारळ घेतला आणि भर दुपारी गेलो. देवळात मी आणि गुरवदादा, दोघंच.

"देवाला काय म्हनू? कारबो... काय ता?"

"कार्बोरेटर. पण देवाला कळेल का?"

"देवाला कळंल. माज्या तोंडात बसत नाय."

मग मसुदा मीच सांगितला. या जीपचं कोणीही, कधीही, काहीही नेलं असेल, त्यानं ते आठ दिवसांत माझ्या खळ्यात आणून ठेवावं. तोवर त्याला सुखाची झोप लागू नये. तीस वर्षं मसुदे लिहिलेला माणूस मी, एकही पळवाट ठेवली नाही.

गुरवदादा थबकले. "कदीही पन?"

"कधीही."

"बघ हां बाळू. देव शब्दाला धरून चालतो."

"तेच तर हवंय," मी म्हटलं.

गुरवदादांनी ते घरी बायकोला सांगितलं. म्हणजे संध्याकाळपर्यंत वाडीला कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या शेवंताकाकू आल्या. हातात जीपच्या चाकावरची पत्र्याची थाळी. "घे बाबा. पंदरा वर्सं कोंबड्या हिच्यात पानी पितात. काल रात्री माज्या डोळ्याला डोळा नाय लागला."

मी गंभीर चेहऱ्यानं थाळी ठेवून घेतली. मनात म्हटलं, एक चोर सापडला.

मग दुकानदार दिनू हेडलाइट घेऊन आला, तो त्यानं विहिरीच्या वाटेवर बॅटरी जोडून लावला होता. त्याच्या मागोमाग दोघं जण मागची सीट उचलून घेऊन आले. ही त्यांच्या पडवीत बाक म्हणून होती, आणि तिच्यावर बसून मी स्वतः दहा वेळा चहा प्यायलो होतो. ओळखली कशी नाही, विचारू नका. दाढीचा आरसा आला. मासेवाला मोपेडवरून आला आणि हॉर्न उतरवून देऊन गेला. कुणाच्या तरी गोठ्याचं दार आलं, ते म्हणजे जीपचं मागचं फळकं. दार निघाल्यामुळं त्यांची गायही बरोबर आली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी तर जीपशी संबंध नसलेल्या वस्तू येऊ लागल्या. एकानं सायकलचं पॅडल आणलं.

"अहो, हे जीपचं नाही."

"कुनाचं ता ठाऊक नाय. पन घरात नको."

देवळाच्या भांड्यांतला एक मोठा झाराही आला. तो कुणी ठेवला, कधी ठेवला, देव जाणे. मी आपला वहीत नावं लिहीत होतो. नाव, वस्तू, किती वर्षं दडवली. सुलभाला म्हटलं, "बघ, अख्खी वाडी चोर निघाली."

"आणि ज्याच्यासाठी नारळ ठेवलात तो?"

तो सोडून सगळं आलं होतं. मला तर रात्र रात्र झोप नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी तात्या काठी टेकत आले. खळ्यात दहा-बारा माणसं होती, गुरवदादा होते, गाय होती. तात्या त्या ढिगाकडे बघत राहिले.

"हे सगळं कुनी आनलं?"

"चोरांनी," मी छाती पुढं काढून म्हणालो.

"चोर?" तात्यांनी काठीनं हेडलाइट दाखवला. "हा दिवा मी दिनूला दिला. बायका काळोखात विहिरीवर जायच्या, एकीला इंचू चावला म्हनून. ती सीट मी दिली. ह्यांच्या म्हाताऱ्याला खाली बसवत नव्हतं. फळकं मी दिलं, ह्यांच्या गोठ्यात बिबट्या आलेला. थाळीपन मीच दिली." मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "गाडी बंद पडली, पन लोकांच्या उपेगाला यायची ती थांबली नव्हती. आनि माज्या गाडीच्या नावानं तू वाडीवर गाऱ्हानं घातलंस?"

शेवंताकाकू पदरानं तोंड पुसत होत्या.

"माजं मन उडालं, बाळू. मी नाय बसायचो हिच्यात."

ज्या माणसानं मला उष्ट्या हातानं उचललं, त्याला मी जाता जाता हे दिलं. माझ्या हातातली वही मला कुठंतरी टाकून द्यावीशी वाटली. मी ती गाईपुढं धरली. तिनंही तोंड फिरवलं.

सुलभाला अशा वेळी एकच सुचतं. "उन्हाचे आला आहात, पेज घेतल्याशिवाय कुणी जायचं नाही," म्हणाली आणि सगळ्यांच्या हातात वाडगे दिले. फळीवरून तिनं लिंबाच्या लोणच्याची बरणी आणली, तिचं फडकं सोडलं, चमचा आत घातला.

टण्ण.

तिनं पुन्हा घातला. पुन्हा टण्ण. मग दोन बोटांनी तिनं आतली वस्तू बाहेर काढली. काळी, टपटप गळणारी.

"हे कसलं लिंबू?" तिनं विचारलं.

तात्या काठी न घेता उठले. "आगो, हा तर माज्या गाडीचा कारबोरेटर."

आणि मला सगळं आठवलं. तापाच्या संध्याकाळी अंग कसकसत होतं. कार्बोरेटर बुडवायला भांडं मिळेना. लोणच्याच्या दोन बरण्यांपैकी एक रिकामी दिसली. तिच्यात डिझेल ओतलं, तो आत टाकला, आणि आपली बरणी खराब केली म्हणून सुलभा बोलेल या भीतीनं वर फडकं बांधून मीच ती फळीवर परत ठेवली. वास तर तिला यायचा बंदच झाला होता.

गुरवदादांनी वाडगा खाली ठेवला. "म्हंजे, ज्यानं नेला त्याला झोप लागू नको, आसं आपन देवाला सांगितलं. बरोबर? मग बाळू, तुला झोप लागते काय रे?"

मी मान हलवली. नाही लागत.

"देव शब्दाला धरून चालतो," ते म्हणाले आणि परत पेज प्यायला लागले.

मी तात्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. मग एकेकापुढं हात जोडत गेलो. शेवंताकाकू म्हणाल्या, "जाऊंदे रे, पन त्या चमच्यानं आता लोनचं वाढू नको गो सुलभा." त्यावर आधी दिनू हसला, मग सगळे, आणि शेवटी तात्या. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. ठसका थांबल्यावर म्हणाले, "उद्या तो बशीव. आपन देवळात जाऊ, गाऱ्हानं मागं घ्यायला. मी चालवतो. तू मागं बसायचं."

मी सगळ्यांना म्हटलं, आपापल्या वस्तू घेऊन जा. तर कुणीच नेईना. "ऱ्हाऊंदेत उद्यापर्यंत," दिनू म्हणाला. "एक दिवस तिला पुरी होऊंदे."

आणि दुसऱ्या दिवशी वाडीनंच ती पुरी केली. मिस्त्रींनी कार्बोरेटर बसवला, दिनूनं दिवा, मासेवाल्यानं मोपेड थांबवून हॉर्न. सीट आली, फळकं आलं, चाकाला थाळी आली. चार महिने मी भंगारवाल्यांचे उंबरे झिजवत होतो, आणि सगळी जीप माझ्या आजूबाजूच्या घरांतच नांदत होती. ज्यांची नावं मी वहीत लिहिली होती, तीच माणसं वाकून माझं काम करत होती. मला त्या दिवशी किती भरून आलं ते मी कुणाला सांगितलं नाही, म्हणून इथं सांगतो. असा गाव मिळायला नशीब लागतं.

तात्या चाकामागं बसले. मला भीती, या वयात जमेल का? त्यांनी गिअरकडे बघितलंसुद्धा नाही. जीप चालू लागली. पुढं पोरंटोरं, मागं बायका, आणि हौद्यात फळक्याला धरून मी. प्रत्येक वळणाला, समोर कुणी नसताना, तात्या हॉर्न देत होते. त्यांचा चेहरा मला आरशात दिसत होता आणि मला तेवढा पुरे होता.

देवळात गुरवदादांनी माझा नवा नारळ ठेवला. वाडी जमली की गाऱ्हाण्याच्या प्रत्येक वाक्याला सगळ्यांनी साथ द्यायची असते.

"बा देवा म्हाराजा, ह्या बाळूनं जा काय गाऱ्हानं घातलंन, ता चुकून घातलंन."

"व्हय म्हाराजा."

"आमच्या वाडीत कोन चोर नाय."

"व्हय म्हाराजा."

"आमचे तात्या जयं जातील, थयं त्यांना सुकात ठेव."

"व्हय म्हाराजा."

मग गुरवदादांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून माझ्याकडे बघितलं. "आनि म्हाराजा, ह्या लेकराला आक्कल जरा कमी दिली हायस, तरी त्याला सांबाळून घे."

त्यावर जो "व्हय म्हाराजा" झाला, तसा आमच्या देवळात कधी झाला नव्हता. बायका, पोरं, मिस्त्री, तात्या, सगळे. सुलभाचा आवाज सगळ्यांच्या वर. हात जोडलेले, समोर देव, आणि एवढं स्वच्छ खरं. नाही कसं म्हणणार? मीही म्हटलं.