प्लास्टरवाले मामा

"पडलात कसं, ते आधी सांगा."

शिरूरच्या आमच्या हाडांच्या दवाखान्यात मोडका हात किंवा पाय घेऊन तुम्ही कधी आला असतात, तर मामांनी तुम्हाला पहिलं हेच विचारलं असतं. मी तिथं एक्स-रे काढतो, ते प्लास्टर घालायचे. पेशंट सांगायला लागला, की मामा मध्येच, "असं? का असं?" म्हणत स्वतः धाडकन पडून दाखवायचे. कुणी मोटारसायकलवरून, कुणी जांभळीवरून, कुणी न्हाणीत. पेशंटचं हसू आवरेपर्यंत प्लास्टर वाळलेलं असायचं.

एकदा वडगाव रासाईची एक आजी आली. खुब्याचं ऑपरेशन उत्तम झालं, पण ती पाय जमिनीला टेकवेना. "पुन्हा पडले म्हंजी?" एवढंच म्हणायची. डॉक्टरांनी तिच्या मुलाला बाजूला घेऊन सांगितलं, "अशाच झोपून राहिल्या तर हाताला लागणार नाहीत." मामांनी तिच्यापुढं दोनदा पडून दाखवलं. तिनं तोंड फिरवलं. मामा त्या दिवशी जेवले नाहीत.

त्याच सुमारास दवाखान्याच्या वाढदिवसाला आम्ही मोबाइलवर एक छोटा विनोदी सिनेमा करत होतो. पेशंटचं काम कंपाउंडर करणार होता. मामांनी ते मागून घेतलं.

"मामा, या वयात?" डॉक्टर म्हणाले.

"डॉक्टरसाहेब, पडायचं कसं ते माझ्याएवढं कुणाला ठावं हाय?"

रविवारी दुपारी पडदे ओढून बाहेरच्या हॉलमध्ये भिंतीवर सिनेमा लावला. आजीला चाकाच्या खुर्चीतून आणून मागं बसवलं. भिंतीवर मामा स्ट्रेचरवरून घसरले, बादलीत बसले, बादलीसकट उठले. मग घाईत त्यांच्या पायाबरोबर कॉटचा पायही प्लास्टरमध्ये गुंडाळला गेला, आणि सिस्टर सुई घेऊन येताच मामा कॉट ओढत पळाले. हॉल हसून लोटपोट झाला. आजीच्या पुढचा, हात गळ्यात बांधलेला पैलवान हसत उभाच राहिला.

"आरं, खाली बस की! दिसंना मला!"

त्याला ऐकूच गेलं नाही. आजीनं पुढच्या खुर्चीची पाठ धरली आणि उठली.

मी मामांकडं पाहिलं. ते सिनेमा बघतच नव्हते. त्यांची नजर आजीच्या पावलांवर होती. तिला धरायला धावणाऱ्या तिच्या मुलाला त्यांनी हातानंच थोपवलं.

सिनेमा संपला, दिवे लागले, तरी आजी डोळे पुसत उभी.

"अगं बया! मी उभी हाय व्हय?"

"तर! मघापासनं," म्हणत मामांनी वॉकर पुढं सरकवला. तिनं एक पाऊल टाकलं. मग दुसरं. खाटेपर्यंत चालत गेली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पैलवानानं एका हातानं मांडीवर थाप मारली. आणि मामा कोपऱ्यात तोंड फिरवून रुमाल शोधत होते.

पुढं मामा निवृत्त होऊन लेकीकडं दौंडला गेले.

दोन महिन्यांनी आजी तपासणीला आली. एकटी, हातात काठी.

"पडणारा मामा कुठं हाय?"

मी सांगितलं. तिनं पदर खोचला.

"दौंडची येष्टी कवा हाय?"

"आजी, थांबा, रिक्षा बोलावतो."

"रिक्षा कशाला?"

मी खिडकीशी येईपर्यंत ती फाटक ओलांडून, काठी टेकत, भर उन्हात स्टँडच्या रस्त्याला लागलीही होती.