घूं काढलेली गिटार

माझ्याकडे एक इलेक्ट्रिक गिटार आहे. राळेगाव तालुक्यात ती असण्याला तसं काही कारण नाही. मी पंचायत समितीत कारकून. आठवडाभर घरकुलांच्या फायली या टेबलावरून त्या टेबलावर नेतो आणि सुट्टीच्या दिवशी आमच्या भीमगीतांच्या पार्टीत गिटार वाजवतो. वाजवतो म्हणजे गळ्यात अडकवून उभा राहतो आणि ढोलक जोरात चालू असताना चार कॉर्ड मारतो. बॅनरवरच्या फोटोत गिटार उठून दिसते म्हणून मी पार्टीत आहे, हे मला आजवर कोणी तोंडावर सांगितलेलं नाही. माणसं चांगली आहेत.

माझी गिटार ऐकू यायची ती मी वाजवत नसताना. वायर लावून मागचा अॅम्प्लिफायर, म्हणजे आमच्या भाषेत डब्बा, चालू केला की तो घूं करून जो लागायचा, तो कार्यक्रम संपेपर्यंत. गिटारच्या तारांखाली पिकअप असतात. लोहचुंबकावर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली. ते तारेचा आवाज पकडतात, आणि स्वस्तातले असले तर त्यासोबत मंडपातल्या ट्यूबलाइटा, पंखे, कोणाच्या तरी खांबावरून ओढलेली लाइन, सगळ्यांचं गाऱ्हाणंही पकडतात. अर्थिंगचं विचारलं तर डेकोरेशनवाला म्हणायचा, "भाऊ, आजवर कोणाले झटका बसला का?" बसला नव्हता, म्हणजे अर्थिंग चांगलं होतं.

पार्टीची मुख्य गायिका माझी मावशी. वय साठीच्या पुढे. उमेदीची सगळी वर्षं तिनं जिनिंगमध्ये यंत्रांपुढे कापूस सारण्यात घालवली, आणि त्या खडखडाटावर मात करायची सवय लागल्यामुळे तिला माइक लागत नाही. माइकलाच ती जड जाते. मला आई नव्हती, हिनंच वाढवलं. पहिलं गाणंही तिनंच शिकवलं आणि मला गळा नाही हेही तिनंच सांगितलं. गिटार त्यानंतरची.

आमच्याकडे गाणं शेरानं उघडतं. गायिका उभी राहते, सगळी वाद्यं गप्प होतात, आणि ती दोन-चार ओळींचा शेर मोकळ्या सुरात म्हणते. शेवटच्या शब्दावर ढोलकची थाप पडते आणि कीबोर्ड आत येतो. त्या क्षणी तिचा सूर आणि कीबोर्डचा सूर एक असला पाहिजे. मावशी वर्षानुवर्षं पांढरी पाचवर, म्हणजे पेटीच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीवर, उघडायची आणि एक केसही इकडेतिकडे व्हायची नाही. तिच्याआधी अर्धा तास सत्कार, हार, नारळ आणि "दोन शब्द बोलतो" म्हणून वीस मिनिटं बोलणारे पाहुणे होऊन गेलेले असायचे, तरी तिचा सूर जागच्या जागी. लोक म्हणायचे, देणगी आहे.

गेल्या वर्षी झरी जामणीकडच्या एका गावात ही देणगी चुकली. ऐन तिच्या शेराला लाइट गेली, जनरेटर लावला, आणि मावशीनं चांगला एक सूर खाली उघडला. कीबोर्ड आपल्या जागी आला आणि दोघांची अशी टक्कर झाली की पुढच्या रांगेतल्या आज्या एकमेकींकडे बघायला लागल्या. कीबोर्डवाला आमच्या पार्टीचा मालक. कीबोर्ड त्याचा, माइक त्याचे, आणि कार्यक्रमांचे फोन त्यालाच येतात. तो परतीच्या वाटेवर मला बाजूला घेऊन म्हणाला, "मावशीचा सूर गेला बे. आणखी एकदा असं झालं तं आपण वर्ध्याची ती नवी बाई आणू. ते ट्रॅकवर गाते, सूर सुटाचं कामच नाही." मावशीला हे मी सांगितलं नाही. पण तिला कळलं असावं, कारण त्यानंतर ती घरी भांडी घासतानासुद्धा गायची बंद झाली, आणि ते मला सहन होईना.

मग मी विचार केला. कारकुनानं विचार करू नये असा आमच्या कार्यालयाचा अलिखित नियम आहे, तो मी मोडला. मला आठवलं की त्या दिवशी माझ्या गिटारची घूं नेहमीपेक्षा वेगळी, खालच्या पट्टीत येत होती. म्हणजे या घूंनंच म्हातारीचा कान भरकटवला. घूं काढली की मावशी वाचली. इतका सरळ हिशोब मला शाळेत कधी जमला नव्हता.

त्यानंतरचे तीन महिने मी माणसांतून उठलो. रोज मोबाइलवर परदेशातले दाढीवाले गिटार उघडताना बघायचो. त्यांच्यातला प्रत्येक जण सांगायचा की मूळ भाग कचरा आहे. मी कुरिअरनं तारा पिळायच्या नव्या चाव्या मागवल्या, तारा टेकतात तो ब्रिज मागवला, आणि जुळे पिकअप मागवले. जुळ्या पिकअपमध्ये दोन गुंडाळ्या एकमेकींच्या उलट जोडलेल्या असतात. तारेचा आवाज दोघी मिळून वाढवतात आणि घूं एकमेकींची खाऊन टाकतात. भाऊबंदकीचा असा चांगला उपयोग मी पहिल्यांदाच बघत होतो.

नवे पिकअप जुन्या खाचेत बसेनात म्हणून सुताराकडे गेलो. मी त्याला बजावलं की हे महोगनी आहे, जपून. त्यानं एक पटाशी मारली, भुसा चिमटीत घेतला आणि म्हणाला, "साहेब, हे तं प्लायवूड हाये. आमी कपाटाच्या मांगं लावतो ते." मग खाच करता करता म्हणाला, "सागवानाची करून देऊ का? वजनदार होईन." प्लायवूडची ही बातमी मी अजून पार्टीत फोडलेली नाही.

जोडणीसाठी गेलो मोटर बांधणाऱ्याकडे. विहिरीवरच्या मोटरी जळल्या की अर्धा तालुका याच्या दारात. मी त्याला पिकअप दाखवून दाढीवाल्यांची सगळी विद्या ऐकवली. त्यानं अर्ध्यावरच थांबवलं. "गुंडाळीच हाये ना? मंग मले कायले शिकवून राह्यला?" दोन दिवसांनी गिटार आणायला गेलो तर ती दुकानासमोर, तीन हॉर्सपॉवरच्या दोन मोटरींच्या मध्ये, उन्हात वाळत होती. त्यानं जोडणी झाल्यावर आपल्या धर्माप्रमाणे पिकअपांना मोटरीचं वार्निश पाजलं होतं. "आता पाण्यात पडली तरी जळत नाही," तो म्हणाला. गिटार पाण्यात कशाला पडेल, असं मी विचारलं. "मोटर तरी कायले पडते? पण पडते ना." आतल्या पोकळीला त्यानं तांब्याचा पत्रा ठोकला होता. आणि गिटारच्या दर्शनी अंगावर, प्रत्येक मोटरीवर लावतो तसं, दुकानाचं पिवळं स्टिकर लावलं होतं. मी ते नखानं काढायला गेलो तर म्हणाला, "स्टिकर काढलं का गॅरंटी गेली." स्टिकर राहिलं.

घरी येऊन डब्बा चालू केला. काहीच नाही. दिवा लागला म्हणून चालू आहे म्हणायचं, इतकी शांतता. मी कॉर्ड मारला आणि आयुष्यात पहिल्यांदा मला माझं वाजवणं स्वच्छ ऐकू आलं. ते काही फार बरं नव्हतं. पण घूं गेली होती, आणि मला वाटलं मी मावशीला तिची जागा परत मिळवून दिली. इतकं समाधान मला नोकरी लागली तेव्हाही झालं नव्हतं.

कार्यक्रम एका विहाराच्या वर्धापनदिनाचा होता, तालुक्यातल्याच एका गावात, सकाळी दहाचा म्हणून दुपारी एकला सुरू झाला. मोटर बांधणारा पाहुणा म्हणून आमच्याच जीपमध्ये आला होता. पहिल्या रांगेत बसून तो माझ्या गिटारकडे मुलीच्या लग्नातल्या बापासारखा बघत होता. मी वायर लावली, डब्बा चालू केला आणि कीबोर्डवाल्याकडे बघून भुवया उडवल्या. त्यानं अंगठा दाखवला. मग सत्कार झाले. शाली संपल्या तेव्हा टॉवेल झाले. दोन शब्द बोलणारे तिघं बोलले.

मावशी उभी राहिली. वाद्यं गप्प झाली. ती नेहमी लगेच तोंड उघडते. आज नाही उघडलं. मागे वळून माझ्याकडे बघितलं.

"तुही गिटार बंद हाये का रे?" तिनं विचारलं.

"चालू हाये मावशी. आता आवाजच येत नाही तिचा. नवीन काम केलं ना," मी अभिमानानं सांगितलं.

तिनं मान हलवली, पण तिला समजल्यासारखं दिसलं नाही. पुढे वळून तिनं पहिली ओळ उचलली. सूर खूप वर गेला, कुठल्याच पट्टीत नाही असा. कीबोर्डवाल्यानं डोळे मिटून घेतले. मावशीला स्वतःलाही ते कळलं. ती थांबली, खोकल्याचं निमित्त केलं, पाणी मागितलं. पाणी पीत पीत ती मागे सरकत माझ्या डब्ब्यापाशी आली आणि तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा तिनं त्याच्यावर तळहात ठेवला. थोडा वेळ तसाच ठेवला. मग माझ्याकडे जे बघितलं ते मी विसरणार नाही. गाऱ्हाणं नव्हतं त्यात. माणूस रस्ता चुकल्यावर बघतो तसं बघितलं.

तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. मावशीला ऐकू येत नव्हतं. जिनिंगनं तिचे कान कधीच खाल्ले होते. उरली होती फक्त यंत्रांसारखी जाड, खालची घरघर. ती स्टेजच्या फळ्यांमधून तिच्या अनवाणी पायांत चढायची, आणि त्या घूंवरूनच ती आपला सूर धरायची. खांबावरची वीज नेहमी एकाच पट्टीत घुमते, म्हणून ती कधी चुकली नाही. जनरेटर दमला, त्याच्यासोबत घूं उतरली, आणि तिच्यामागून मावशीही उतरली. तिचं ऐकणं म्हणजे ती घूं, आणि मी कुरिअर मागवून, सुतार लावून, वार्निश पाजून ती बंद केली होती. मला उभ्या उभ्या रडू आलं.

रडायला वेळ नव्हता. कीबोर्डवाल्यानं माइक स्वतःकडे ओढायला हात पुढे केला होता. मी गिटारमधली वायर उपटली आणि तिच्या टोकावर अंगठा दाबला. हे प्रत्येक गिटारवाल्याला माहीत असतं, कारण याच्यासाठी प्रत्येकानं शिव्या खाल्लेल्या असतात. डब्बा घूं करून गर्जला. पुढच्या रांगेतल्या पोरांनी कानांत बोटं घातली. मावशीचे खांदे सैल झाले. तिनं पाण्याचा पेला माझ्या हातात देऊ केला, माझे हात मोकळे नाहीत हे बघून खाली ठेवला, पुढे गेली आणि पांढरी पाचवर शेर उघडला.

ती पाच गाणी गायली. पाचही गाण्यांत मी हातात वायर धरून उभा होतो. गिटार गळ्यात होती, तिच्या नव्या चाव्या उन्हात चमकत होत्या, जुळे पिकअप शांत होते आणि पिवळं स्टिकर सगळ्यांना दिसत होतं. अंगठ्याला मुंग्या येत होत्या. कीबोर्डवाला दर कडव्याला हातवारे करून "वायर लाव, वायर लाव" सांगत होता आणि मी दर कडव्याला त्याच्याकडे न बघण्याचं काम चोख केलं. फाइलवाल्या माणसाला ते जमतं. लोकांनी मावशीला तीनदा थांबवून बक्षीस दिलं. एका म्हाताऱ्यानं मलाही दहाची नोट दिली आणि म्हणाला, "धरून ठेवलं बाप्पा, सोडलं नाही."

खाली उतरल्यावर मोटर बांधणारा आडवा आला. त्याचा चेहरा उतरला होता. "माह्या कामात घूं राहूच शकत नाही," तो म्हणाला. मी म्हटलं, वायर खराब आहे. त्यानं खिशातून मीटर काढून तिथंच वायर तपासली. वायर चांगली होती. त्यानं ती गुंडाळून माझ्या हातात दिली आणि जीपकडे निघाला. मलाही खरं कारण सांगता येईना. इतक्या जणांच्या देखत मी त्याची आयुष्यभराची पत घालवली होती.

परतीच्या जीपमध्ये आम्ही सगळे कोंबून बसलो. पुढे ड्रायव्हरशेजारी कीबोर्डवाला, मध्ये मी आणि मावशी, मागे ढोलकवाला, कोरसवाले आणि तोंड फुगवून मोटर बांधणारा. कीबोर्डवाल्यानं माझी हजेरी घ्यायला सुरुवात केली. "इतके पैसे घातले, आणि अखीन घूं? काहून वायर काढली तू? मले एक कारण सांग." मी म्हटलं, सुचलं नाही. तो म्हणाला, दरवेळी तुला सुचतच नाही. मी ऐकून घेतलं.

मावशी इतका वेळ बाहेर शेतांतली पराटी, म्हणजे कपाशी, बघत होती. तिनं माझा हात ओढला, अंगठा उलटा करून बघितला आणि पदरानं पुसला. मग ती माझ्या कानाशी आली. ऐकू न येणाऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे हेही ऐकू येत नाही, हे तिला माहीत नव्हतं आणि मलाही तोवर नव्हतं. तिच्या मते ती कुजबुजली.

"माहे कान गेले बाबू. कोणाले सांगू नोको. गाणं बंद करतीन हे लोकं."

ते जीपमध्ये सगळ्यांना ऐकू गेलं. ड्रायव्हरनं आरशात बघितलं आणि लगेच रस्त्याकडे नजर वळवली. मागे मोटर बांधणाऱ्यानं घसा साफ केला. कीबोर्डवाल्यानं मागे वळून माझ्या अंगठ्याकडे बघितलं. मावशी माझ्या उत्तराची वाट बघत होती, म्हणून मी नुसती मान हलवली.

त्यानंतर आमचे बरेच कार्यक्रम झाले. माझा डब्बा आता कीबोर्डवाला स्वतः उचलतो आणि मावशीच्या पायांमागे ठेवतो. मोटर बांधणाऱ्यानं न विचारता एक साधी गुंडाळी आणून दिली, डब्ब्याला जोडून फक्त घूं करण्यापुरती, आणि तिच्यावर स्टिकर लावलं नाही. वर्ध्याच्या बाईचं नाव कोणी काढत नाही. आणि मावशी अजून अधूनमधून मला विचारते, कोणाला सांगितलं तर नाहीस ना? मी सांगतो, कोणालाच नाही.