डुलणारा तारा

सुरुवातीलाच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. कॉलेजात फिजिक्स शिकवण्यात हयात गेली. नागपुरात सक्करदऱ्याला आमच्या गल्लीत कुणाच्या अंगात आलं की शेजारणी मलाच बोलवायला यायच्या — मी नुसती दारात उभी राहिले की अंगातलं उतरायचं. त्यामुळे हे वाचून “मॅडम, तुम्हीसुद्धा?” असं म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. घडलं ते घडलं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट, ऐन मे महिन्यातली. मी आणि माझी मैत्रीण कुसुम, दोघी एमएस्सी होऊन नागपुरातल्या एका कॉलेजात आमच्या सरांच्या हाताखाली रिसर्च करत होतो. विषय — दुसऱ्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह. आज असे हजारो सापडलेत, तेव्हा एकही खात्रीचा नव्हता. इतक्या लांबचा ग्रह दिसत नाही, पण तो आपल्या ताऱ्याला ओढतो. बाप पोराचे हात धरून गरगर फिरवतो तेव्हा बापही थोडा झुकतोच ना, तसा तारा डुलतो. एका वेधशाळेनं वर्षानुवर्षं काढलेले एकाच ताऱ्याचे फोटो काचेच्या प्लेटांवर आमच्याकडे आले होते. प्लेट मायक्रोस्कोपखाली ठेवायची आणि आजूबाजूच्या मंद ताऱ्यांच्या तुलनेत आपला ठळक तारा केसाच्या अंशाइतका तरी सरकला का, ते बघायचं.

आणि तो सरकला होता. सर हरखून गेले. पुढच्या आठवड्यात परिषदेत जाहीर करणार होते, की नागपूरनं ग्रह शोधला... त्यात आम्हा दोघींची नावं. आमची पीएचडी, पुढची नोकरी, सरांची आयुष्यभराची अब्रू, सगळं त्या एका ताऱ्यावर टांगलेलं.

मोजायची पद्धत ठरलेली होती. मी डोळा लावून आकडा म्हणायचा, पाठीमागे स्टुलावर बसलेल्या कुसुमनं तो मोठ्यानं परत म्हणायचा आणि मगच लिहायचा. ही सवय तिचीच. उमरेडला तिच्या घरी माग होता. धागे मोजताना माय म्हणायची आणि ही परत म्हणायची.

जाहीर करण्याआधी सगळं एकदा पुन्हा मोजायचं होतं. नेमका तिच्या मायला ताप चढला. “उद्या दुपारच्या गाडीनं येते वं. माह्या स्टुलावर कोणाले बसू देऊ नको,” म्हणून ती उमरेडला गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी लॅबमध्ये मी एकटी. बाहेर नागपूरचं ऊन, आत कूलरची घरघर. मी प्लेट लावून डोळा टेकवला आणि मागे स्टूल सरकल्याचा आवाज आला.

“आलीस? माय कशी आहे?” मी न वळताच विचारलं. तारा एकदा रेषेवर आणला की डोळा काढायचा नाही, हा आमचा नियम. उत्तर आलं नाही. कूलरमुळे ऐकू गेलं नसेल म्हणून मी सरळ आकडा म्हटला, “बावीस पॉइंट चार एक सात.”

मागून कुसुमच्या आवाजात तोच आकडा परत आला. मग पुढचा, त्याच्या पुढचा. आवाज जरा थकलेला वाटला, म्हटलं गाडीत उन्हानं जीव गेला असेल बिचारीचा. मग मध्येच ती म्हणाली, “आता त्याच्या बाजूचा ठळक मोज वं.”

मी वैतागले. तुलनेला आम्ही मंद तारेच घ्यायचो, हा ठळक शेजारी कुणी कधी मोजलाच नव्हता. “काहून?”

“मोज तं खरी.”

मोजला. एकेक प्लेट बदलत गेले. तोही सरकला होता... तेवढाच, त्याच वर्षी, त्याच बाजूला. दोन तारे काही एकमेकांना विचारून डुलत नाहीत. दोष दुर्बिणीत होता. (मधल्या काळात भिंग काढून पुन्हा बसवलं होतं आणि त्यानं ठळक ताऱ्यांचे फोटो सरकले होते, असं वेधशाळेनं नंतर कळवलं.) आमचा ग्रह-बिह काही नव्हता.

शेवटची प्लेट लावली. “एकोणीस पॉइंट सहा शून्य दोन.” मागे शांतता. पुन्हा म्हटलं, तरी शांतता. वळले तर स्टुलावर कुणी नाही, कागद कोरा. दारातल्या चपराशाला विचारलं, कुसुम मॅडम कुठं गेल्या?

“त्या आल्याच कुठं?” तो म्हणाला. “मी इथंच बसून आहो ना.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांना फक्त शेजारच्या ताऱ्याचं सांगितलं. त्यांनी स्वतः मोजून बघितलं, बराच वेळ चष्मा पुसत बसले आणि म्हणाले, “जाहीर करून मग कळलं असतं तर तोंड लपवायला जागा उरली नसती.” परिषदेतलं भाषण रद्द झालं.

कुसुम आली ती तेरवी करूनच. त्याच दुपारी तिची माय गेली होती. मी आवाजाचं काही बोलायच्या आधी तीच म्हणाली, “माय तापात आकडे बोलून राहिली होती वं. मायनं शाळेचं तोंड नाई पाह्यलं, अन् पॉइंट म्हणे. मी परत म्हणू लागली तशी ती शांत झाली. त्या बाजूच्या ताऱ्याचं कईचं मनात होतं, सरांपुढं हिंमत नाई झाली. मायपुढं बोलून गेली. तं माय मलेच विचारते, काहून?” मग म्हणाली, “त्याच्याआधी विचारलं, माय कशी आहे. माही मायच मले विचारून राहिली. मी काय सांगू?”

आईचे शेवटचे बोल लेकीसाठी असावेत, ते माझेच निघाले होते.

“मले ते आकडे पुन्हा ऐकायचे आहेत,” ती म्हणाली. मी त्याच प्लेटा त्याच क्रमानं लावल्या. मी म्हणत गेले, ती परत म्हणत लिहीत गेली. शेवटच्या प्लेटला मी म्हटलं, “एकोणीस पॉइंट सहा शून्य दोन.” मागून काही आलं नाही. या वेळी वळले तेव्हा ती स्टुलावर होती, पेन हातात तसंच.

“इथं माय गेली,” ती म्हणाली. आवाज कुठल्या आकड्याला थांबला, हे मी तिला सांगितलेलं नव्हतं.

ग्रह का नव्हता, ते मी आजही फळ्यावर मांडून दाखवीन. हे कसं झालं ते मला माहीत नाही आणि माहीत असल्याचा आव मी आणणार नाही. तो शेवटचा आकडा मात्र तिच्याऐवजी मीच परत म्हटला, आणि मग तिनं तो लिहिला.