सॉलोमन आपटेकरांचा उजवा हात

सॉलोमन आपटेकरांबद्दल पनवेलमधली माणसं दोन गोष्टी हमखास सांगत. एक, हा ज्यू माणूस शनिवारी कशालाही हात लावत नाही. आणि दुसरी, उरलेले सहा दिवस ज्याला हात लावतो ते केसभरही चुकत नाही. तळोज्याच्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये त्यांनी चौतीस वर्षं काढली. काचेच्या नळीतून एकेक थेंब सोडायचा आणि रंग पालटला की नेमक्या त्याच थेंबाला थांबायचं, असलं ते काम. नवी पोरं तीन-तीनदा करून पाहायची आणि शेवटी म्हणायची, "आपटेकर सर, तुम्हीच सोडा." घरीसुद्धा सुईत दोरा ओवायचा झाला की बायको त्यांनाच हाक मारायची.

त्यांच्या बायकोला, जेरुशाबाईंना, जाऊन तीन वर्षं झाली, आणि गेल्या वर्षभरापासून तो उजवा हात थरथर कापायला लागला होता.

सॉलोमननी हे कुणाला कळू दिलं नव्हतं. एकट्या माणसाला लपवायला जागा पुष्कळ असते. वर्तमानपत्र टेबलावर पसरून वाचायचं. चहा अर्धा कपच ओतायचा, दोनदा. शर्टाची वरची दोनच बटणं सोडायची आणि डोक्यातून काढायचा, म्हणजे दोरीवरही तो तसाच, बटणं लावलेला वाळत असायचा. शेजारच्या शोभाताईंनी ते पाहिलं होतं, पण पुरुषांच्या एकेक तऱ्हा म्हणून सोडून दिलं.

एप्रिल संपता संपता त्यांची मुलगी निरीत इस्राएलहून तीन आठवड्यांसाठी आली. बॅगेत खजुराचे डबे होते आणि डब्यांखाली एक खाकी लिफाफा.

"पप्पा, हे कागद. सह्या करा, बाकीचं मी बघते. माझ्याकडे चला आता. इथे एकटे कशाला?"

"एकटा? गल्लीत निघालो तर टोकाला पोचायला तासभर लागतो मला. आणि मला काय धाड भरलीय?"

"भरली नसेल तर मी विषय काढणार नाही. पुन्हा कधीच नाही, शप्पथ. पण मला नीट बघू दे."

तिचा शब्द आईसारखा होता, दिला की दिला. म्हणून सॉलोमन उजवा हात खिशात घालून म्हणाले, "बघ की. या शुक्रवारी शिवाकडे तळ्यावर चल. दोन दिवस बाप कसा आहे ते डोळ्यांनी बघ."

बोलून गेले, आणि मग तळ्यावर आपल्याला काय करावं लागतं ते आठवलं.

शिवा बेलपाड्याचा. एकाच कंपनीत, एकाच शिफ्टला होता. खारघर उभं राहिलं तेव्हा त्याची भातखाचरं गेली आणि मोबदल्याच्या पैशांतून त्याने डोंगराच्या पायथ्याशी तळ्याकाठी जमीन घेऊन घर बांधलं. तेव्हापासून दर मे महिन्यात, तळं आटून मासा एका खोलगट भागात गोळा झाला की दोघे मिळून गळ टाकून मरळ गरवायचे. गळाला आलेल्या माशाची वाटणीही ठरलेली. खवल्यांचा मासा दोघांचा. बिनखवल्यांचा, मिशावाला, तो एकट्या शिवाचा, कारण सॉलोमनच्या धर्मात तो चालत नाही. शिवा म्हणायचा, "तुजा देव मला लई मानतो. मोठे मोठे मांगूर माज्यासाठीच बाजूला काढतो."

पण मरळ ही तोऱ्याची बाई. मेलेल्या चाऱ्याकडे ती ढुंकून बघत नाही. तिला जिवंत, वळवळणारा, बोटभर मासा लागतो. तो मासा एका हातात धरायचा, आणि दुसऱ्या हाताने गळाचं टोक त्याच्या पाठीतून, काट्याच्या वर आणि पाठीवरच्या पराच्या खाली, तांदळाएवढ्या जागेतून आरपार काढायचं. जरा खाली गेलं तर मासा जागीच मेला. जरा वर गेलं तर कातडी फाटून निसटला. इतकी वर्षं हे काम सॉलोमनचं होतं. शिवाच्या राकट बोटांना ते कधी जमलं नाही आणि त्यानेही मनावर घेतलं नाही.

शुक्रवारी दुपारी निरीतने गाडी तळ्यावर आणली. शिवाने जुन्या मच्छरदाणीच्या तुकड्यात काठालगतचे वीस-पंचवीस मासे धरून ठेवले होते. ते एका माठात सोडले, वर थोडं पाणगवत टाकलं आणि माठ आंब्याच्या सावलीत ठेवला. रविवारच्या पहाटेपर्यंत ही पिलावळ जगवायची होती.

"हात कसा हाय?" निरीत सामान काढायला गेली तशी शिवाने हळूच विचारलं. त्याला मागच्या मे महिन्यातच कळलं होतं. त्याच्यापासून काय लपणार?

"तसाच. तिला काही बोलू नकोस."

"रविवारी काय करशील? मी लावू काय चारा? तिला बोलीन, सालूचा चष्मा घरी रायला."

"तू मागल्या खेपेला सहा मासे मारलेस."

"सात," शिवा म्हणाला.

दिवस मावळायच्या आत सॉलोमननी शब्बाथचे, म्हणजे सूर्यास्तापासून लागणाऱ्या शनिवारच्या विसाव्याचे, दिवे लावून घेतले. खरं तर ते बाईचं काम, पण निरीत आत कुठेतरी होती. मग ती आली. त्यांनी घरून आणलेल्या बाटलीतून मनुकांचं सरबत चांदीच्या प्याल्यात ओतलं, प्याला डाव्या तळहातावर ठेवून उजव्याने वरून धरला, आणि शब्बाथच्या स्वागताची किद्दूशची प्रार्थना म्हटली. आवाज अगदी स्वच्छ. शिवाची बायको, रंभावहिनी, दारात पदर सावरून उभी होती. त्यांच्यासाठी तिने दर वर्षीसारखं वेगळ्या टोपात कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या. निरीत प्याल्याकडे बघत होती.

शनिवारी सॉलोमन आंब्याखाली खुर्ची टाकून बसले. आज गळ नाही, काठी नाही, जिवंत प्राण्याला हात नाही. माठालाही नाही. इतकंच काय, "माठ सावलीत ओढ" असं शिवाला सांगणंही नियमात बसत नाही. त्यावर दोघांनी केव्हाचाच तोडगा काढलेला होता.

सॉलोमन आकाशाकडे बघत म्हणाले, "ऊन फिरलं हं."

"फिरनारच," शिवा म्हणाला आणि ढिम्म बसून राहिला.

"फार फिरलं."

"मे हाय ना, सालू. फिरतंच."

"माठाजवळ बरंच आलंय असं मला आपलं वाटतं."

"वाटतं ना? वाटू दे." मग निरीतकडे डोळा मिचकावून तो उठला, माठ सावलीत सरकवला आणि तांब्याने नवं पाणी घातलं. "पोरी, तुजा बाप शनवारी हुकूम सोडीत नाय. निसता हवामानाचा अंदाज सांगतो."

निरीत किती दिवसांनी अशी खदखदून हसली.

पण दुपारी भावकीत हळद होती. शिवा आणि रंभावहिनी दोघांनाही जावं लागलं. "दोन तासांत येतो," शिवा म्हणाला. हळदीला गेलेला आगरी माणूस दोन तासांत परत येतो, हे सॉलोमनना खरं वाटायला नको होतं. पण वाटलं.

अडीच वाजता सावली माठावरून निघून गेली. तीनला मासे वर येऊन तोंडं उघडायला लागले. सॉलोमन खुर्चीतून वाकून बघत होते. निरीत शेजारी चटईवर पुस्तक घेऊन पडली होती. तिला सांगणं शक्य नव्हतं, शब्बाथ तिचाही होता, ती पाळो न पाळो. त्यांनी एकदा म्हणून बघितलं, "ऊन फिरलं हं." पण ते ऐकणारा हळदीत नाचत होता.

एक मासा उलटा झाला. पांढरं पोट वर.

सॉलोमन उठले. तोंडातल्या तोंडात "जीव आहे ना" असं काहीतरी म्हणाले, आणि माठ दोन्ही हातांनी उचलला. चार पावलांचं अंतर. पण त्या चार पावलांत पाणी हिंदकळत, डचमळत त्यांच्या पोटावर, पायांवर सांडत गेलं. दोन मासे धुळीत पडले. उजवा हात माठाच्या काठावर टकटक वाजत होता, खिडकीचं तावदान वाऱ्याने वाजावं तसा.

माठ ठेवून त्यांनी मागे पाहिलं. निरीतचं पुस्तक तोंडावर होतं. झोपली असावी, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

शिवा दिवेलागणीला आला, कपाळापासून मानेपर्यंत पिवळा. हकीकत ऐकून म्हणाला, "उद्या गळाला लावायचे ते आज वाचवलेस! कर्माची गंमतच हाय तुजी." मग जरा गंभीर होऊन म्हणाला, "पन बरा केलास. कापायच्या बोकडालासुदा पानी पाजतात."

रविवारी उजाडताच तिघे पाण्यापाशी गेले. माठात नऊच मासे जिवंत उरले होते. तळ्याच्या मधल्या गवतात कुठेतरी डुबुक असा आवाज आला. मरळ जागी होती.

सॉलोमननी पहिला मासा धरला. गळ टेकवला. हात हलला, मासा टुणकन पाण्यात. दुसराही तसाच. तिसऱ्याच्या काट्यात टोक गेलं आणि तो तळहातावर निपचित पडला. शिवा खोकला.

"त्याचा चष्मा रायला ना घरी," तो निरीतला म्हणाला.

"शिवाकाका, चष्मा त्यांच्या नाकावर आहे."

चौथा, पाचवा, सहावाही वाया गेला. सातवा धरताना सॉलोमन थांबले. तो मासा त्यांनी परत माठात सोडला. काठी खाली ठेवली. मग उजवा हात समोर, मोकळा, पाण्यावर धरला आणि तसाच धरून ठेवला.

"बघ," ते म्हणाले. "वर्ष झालं. तुला बघायचं होतं ना, हे बघ. काय ते कागद आण."

हात आपला आपण थरथरत होता. निरीतने तो धरला नाही, खाली घेतला नाही. नुसती बघत राहिली.

"मला शुक्रवारीच कळलं, पप्पा. प्याला अर्धाच भरला होतात तुम्ही. लहानपणी मी एकदा जरा कमी भरला तर तुम्ही म्हणालात, देवाचं नाव घ्यायचं तर काठोकाठ भरून घ्यायचं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही का नाही बोललात?"

शिवा मान वळवून डोंगराकडे बघायला लागला. डोंगरात बघण्यासारखं त्या वेळी काही नव्हतं.

"कागदांची मला घाई नाही," शेवटी निरीत म्हणाली. "मला भीती ही, की तिथे बसून फोनवर विचारीन आणि तुम्ही 'ठणठणीत' म्हणाल. ते मी काय समजायचं?" मग तिने ओढणी कमरेला खोचली. "सरका. कुठून काढायचा गळ, सांगा."

"तुला किळस येईल."

"सांगा हो."

त्यांनी सांगितलं. काट्याच्या वर. पराच्या खाली. मासा दाबायचा नाही, मुठीत भिजल्या कापडासारखा धरायचा. पहिला तिने मारला, आणि ओठ चावला. दुसरा निसटला. माठात एकच उरला.

"श्वास सोड आणि मग टोच," सॉलोमन म्हणाले. लॅबमधल्या पोरांना ते हेच सांगायचे.

तिने श्वास सोडला. गळाचं टोक पाठीतून पलीकडे आलं, आणि मासा शेपटी मारत जिवंत राहिला.

काठी सॉलोमननी घेतली. हाताबरोबर काठी थरथरली, काठीबरोबर दोरी, आणि गवताच्या कडेला तो मासा असा नाचायला लागला की शिवाच्याने राहवेना. "सालू, आमी जन्मभर चारा हलवायला शिकलो, तू तर जन्मताच— अरे, हिकडं पानी फुटला!"

दोरीवर तरंगणारा बुचाचा तुकडा दिसेनासा झाला. सॉलोमननी ओढलं नाही. मरळ आधी तोंडात धरते, गिळते मागाहून. ते मोठ्याने मोजायला लागले, "एक, दोन, तीन..." निरीत ओरडत होती, "ओढा ना!" अकराला त्यांनी दोन्ही हातांनी काठी उचलली. हातभर काळी मरळ काठावरच्या चिखलात येऊन आपटली आणि उड्या मारत परत पाण्याकडे निघाली. निरीतने सरळ तिच्यावर अंग टाकलं.

"घट्ट धर, पोरी! सोडू नको!" शिवा नाचत होता. "खवल्यांची हाय! दोघांची हाय!"

"तिघांची," सॉलोमन म्हणाले.

सोमवारी निरीत त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा म्हणाले, एकट्याने गॅसवर मोठी पातेली उतरवू नका म्हणाले. सॉलोमननी शोभाताईंना स्वतः जाऊन सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तरीच मेले ते शर्ट!"

लिफाफा कपाटात गेला. फाडला नाही, सहीही केली नाही. "दर शनिवारी रात्री फोन," निरीत म्हणाली, "आणि हाताचा खरा हवामानाचा अंदाज."

जायच्या आधीचा शुक्रवार. सॉलोमननी सरबत ओतलं, प्याल्याच्या काठाला टेकेपर्यंत. उचलल्याबरोबर ते बोटांवरून ओघळलं, पांढऱ्या कापडावर तांबूस डाग पसरायला लागला. निरीत पुसायला उठली नाही. त्यांनीही प्याला खाली ठेवला नाही. प्रार्थना पुरी होईपर्यंत तो सांडत राहिला, आणि तरी प्यायला दोघांना पुरेल एवढं आत उरलंच.